बाबा, या खेपेला बसच

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत, "लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून किती वाजताची गाडी?" दोन्ही वेळा मी विषय बदलला. आता लिहूनच सांगते. हीथ्रो विमानतळ ते ब्रिस्टल मी तुमचं बसचं तिकीट काढलंय. काल रात्रीच काढलं. 34 वर्षं रेल्वेत घालवलेल्या माणसाला पोरीने इंग्लंडात पहिल्याच दिवशी बसमध्ये बसवावं, याचं मला फार वाईट वाटतंय.

पैसे वाचवायला नाही हं. बस स्वस्त पडते हे खरं, पण तेवढ्यासाठी मी असं केलं नसतं. नकाशा बघा. हीथ्रो लंडनच्या पश्चिमेला, ब्रिस्टलही पश्चिमेलाच. पॅडिंग्टनला जायचं म्हणजे आधी उलटं पूर्वेला जायचं आणि मग त्याच अंगाने परत यायचं. कल्याणला उतरलेल्या माणसाने भुसावळची गाडी धरायला व्ही.टी.ला जाण्यासारखं आहे ते. पॅडिंग्टनहून गाडी पावणेदोन तासांत पोचवते, पण तिथे सामान उतरवायचं, बोर्डावर फलाट लागेपर्यंत मान वर करून उभं राहायचं आणि नंबर लागला की लोंढ्याबरोबर चालत सुटायचं. हे सगळं रात्रभराच्या विमानानंतर, सुजलेल्या पायांनी. बसने रेडिंगपर्यंत जाऊन तिथून गाडी घ्यायचाही विचार केला, पण बदलणं आलंच. आईचा गुडघा, तीन बॅगा आणि गाडी बदलणं! मनमाडला झालं ते मला परत नको.

शिवाय गाडीचं स्वस्त तिकीट त्याच एका गाडीचं असतं. विमानाला उशीर झाला की ते वाया. बसचं मी बदलता येणारं काढलंय. विमानतळावर बसलात की अडीच तासांच्या आत-बाहेर थेट ब्रिस्टलला उतरायचं, मधे कुठे हलायचं नाही.

मी स्वतः हीथ्रोला यायला हवं होतं. त्या दिवशीची ड्युटी बदलून मिळाली नाही, तिघींना विचारून झालं. पण दुपारी सुटले की तशीच मार्लबरो स्ट्रीटच्या बस स्टेशनवर येते. तुम्ही उतराल तेव्हा मी समोर असेन.

आता नीट वाचा. तुमचं विमान टर्मिनल 3 ला लागतं. बाहेर आलात की 'सेंट्रल बस स्टेशन'च्या पाट्या बघत जायचं. लिफ्ट आहे, जिना चढायचा नाही. बाबा, डिकीत बॅगा टाकायला तुम्ही वाकायचं नाही, ड्रायव्हरला सांगायचं. पट्टा लावायचा, इथे तो कायदाच आहे. आई, बसमध्ये टॉयलेट आहे, म्हणून पाणी पिणं बंद करू नकोस, शिरवळला केलंस तसं. बीपीच्या गोळ्या पर्समध्ये ठेव, बॅगेत नाही. स्वेटर हातात. डाव्या बाजूला बसा, हवा स्वच्छ असली तर सुरुवातीलाच लांबवर विंडसरचा किल्ला दिसतो.

बाबा, फलाटावर इंजिन आलं की तुम्ही माझ्या दोन्ही कानांवर हात ठेवायचात. भोंगा वाजून गेल्यावरही थोडा वेळ तसेच ठेवायचात. तळव्यांना लोखंडाचा वास यायचा. परवा इथल्या टेंपल मीड्स स्टेशनच्या फलाटावर मी उगाच तो वास शोधत होते. ब्रुनेल या इंजिनिअरने बांधलेली ही लाईन आधी सात फुटी गेजची, म्हणजे दोन रुळांत सात फूट अंतर असलेली होती, 1892 मध्ये ते गेज कायमचं गेलं. हे तुम्हाला मी काय सांगणार! पण तिथे तुमच्याबरोबर उभं राहायचंय मला. एका रविवारी चिपनहॅमपर्यंत जाऊन येऊ, म्हणजे वाटेतला 1841 चा बॉक्सचा रेल्वे बोगदाही बघून होईल.

आणि यॉर्कला गाडीनेच जायचं, ते नक्की. ब्रिस्टलहून थेट गाडी आहे, चारेक तास, बदलायची नाही. तिथल्या रेल्वे म्युझियममध्ये 'मॅलार्ड' हे वाफेचं इंजिन उभं आहे, 1938 साली ताशी 126 मैल धावलेलं. तुमच्या दोघांचं मिळून एक रेलकार्ड काढते, बरोबर प्रवास केला की तिकिटात एक तृतीयांश सूट. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनवाच्या आत ते चालत नाही, त्यामुळे आईला पहाटे उठायला लागणार नाही. दोघांचे पासपोर्ट साइज फोटो या आठवड्यातच पाठवा. जुने नकोत.

रागावला नाहीत ना, बाबा? फोनवर आईकडे न देता तुम्हीच सांगा.

तुमची,
छकुली

ता.क. विमानाला 23 किलो चालतात म्हणून बॅगेत 23 भरू नका, बसला बॅगेमागे 20 चीच मर्यादा आहे. आई, भाजणी एकच किलो आण. लोणचं मात्र आण.