काउंट वाढला म्हणजे जंतू शिरलाच असे नाही

महोदय,

दहीहंडीनंतरची सकाळ असो की लोकलमधून पडलेल्या माणसाला भरती केल्यानंतरची, मुंबईतल्या कुठल्याही वॉर्डाबाहेर नातेवाइकांच्या हातात सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) कागद असतो आणि प्रश्न ठरलेला असतो: ‘काउंट (पांढऱ्या पेशींचा आकडा) सोळा हजार आलाय, म्हणजे इन्फेक्शन झालंय ना? मग भारी अँटिबायोटिक का सुरू करत नाहीत?’ कागदावर ४,००० ते ११,००० ही मर्यादा छापलेली असते, त्यामुळे धास्ती साहजिक आहे. पण मांडीचे हाड मोडलेल्याच्या रक्तात पहिल्याच दिवशी १६,००० पांढऱ्या पेशी दिसल्या तर त्यात नवल काही नाही. त्यासाठी एकाही जंतूची गरज नसते.

रक्तवाहिन्यांतल्या न्यूट्रोफिलपैकी (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी) जवळपास निम्म्या पेशी कोणत्याही क्षणी वाहिनीच्या भिंतीला चिकटून असतात. सुईत येतात त्या फक्त मधून वाहणाऱ्या. मार बसला की अॅड्रेनलिन सुटते आणि काही मिनिटांत या कडेच्या पेशी प्रवाहात येतात. पालिकेची गाडी दिसली की फुटपाथच्या कडेचे फेरीवाले सामान उचलून भर रस्त्यात येतात, तसे. रस्ता भरलेला दिसतो, पण गावाहून नवे कोणी आलेले नसते. (जानेवारीतली मॅरेथॉन धावून आलेल्याचा आणि सुई पाहून आकांत करणाऱ्या मुलाचा काउंटही याच कारणाने चढतो.)

पुढचे काम कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचे. चार-सहा तासांत ते अस्थिमज्जेतला न्यूट्रोफिलचा साठा रक्तात सोडायला लावते आणि रक्तातल्या पेशींना वाहिनीबाहेर पडू देत नाही. त्याच वेळी लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी रक्तातून निघून मज्जेत आणि इतर ऊतींत जातात, इओसिनोफिल हा तिसरा प्रकार जवळपास नाहीसा होतो. म्हणून एकूण आकड्यापेक्षा त्याखालच्या ओळी वाचाव्यात. एकूण १६,०००, न्यूट्रोफिल ९० टक्के, लिम्फोसाइट ५, मोनोसाइट ५, इओसिनोफिल ० असा रिपोर्ट असेल, तर प्रत्यक्ष लिम्फोसाइट १६,००० चे ५ टक्के, म्हणजे ८०० भरतात. प्रौढांत ते साधारण हजाराच्या वर हवेत. हे चित्र ताणाचे आहे. जंतुसंसर्गातही ते दिसू शकते, म्हणून एवढ्यावर निकाल देता येत नाही.

निकालाच्या जवळ नेते ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची रक्ताची स्लाइड. मशीन पेशी मोजते, त्यांचा चेहरामोहरा नीट पाहत नाही. लिशमनचा रंग दोन मिनिटे, मग दुप्पट बफरचे पाणी घालून सात ते दहा मिनिटे, एवढ्यात स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर) तयार होतो. घाईत बफर बिघडले तर साधे कणही गडद दिसतात आणि नसलेला संसर्ग ‘सापडतो’. नीट रंगलेल्या स्लाइडवर अपक्व बँड पेशी दहा टक्क्यांच्या वर, पेशीरसात जाड जांभळे कण आणि फिकट निळे ठिपके दिसले, तर संसर्गाचा संशय बळावतो. पेशी परिपक्व आणि स्वच्छ असतील तर थांबून २४ तासांनी पुन्हा तपासणे योग्य. फार मोठ्या दुखापतीत मात्र बँड आणि जाड कण संसर्गाशिवायही येतात. चिरडलेल्या ऊतीतून मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांचा) डीएनए रक्तात सांडतो. मायटोकॉन्ड्रियाचे मूळ जीवाणूंत असल्यामुळे न्यूट्रोफिल फसतात आणि शत्रू नसतानाच हल्ला सुरू करतात. सूज दाखवणारी सीआरपी ही रक्तचाचणीही इथे लगेच कामी येत नाही. नुसत्या दुखापतीनेही त्याचा आकडा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत चढतच असतो. त्यानंतर उतरत नसेल किंवा उतरून परत चढला, तर शोध घ्यावा.

खरी काळजी पहिल्या रात्रीच्या सोळा हजारांची नाही, नंतरच्या दिवसांची आहे. मोठ्या दुखापतीनंतर मोनोसाइट या पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरचे, जंतूचा तुकडा लिम्फोसाइटला दाखवणारे रेणू कमी होतात. संख्या भरपूर, काम मंद. न्यूमोनिया आणि जखम चिघळणे याच खिडकीतून शिरतात. नुसत्या मनाच्या ताणाचाही असाच परिणाम होतो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्मृतिभ्रंश झालेल्या आप्तांची सेवा करणाऱ्यांना मुद्दाम साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम करून पाहिली. ती भरायला इतरांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. वॉर्डाबाहेर आठ-आठ रात्री चटईवर काढणाऱ्या नातेवाइकांनी हे स्वतःसाठीही वाचावे.

काउंटची वाट न पाहता औषध द्यायचे प्रसंग वेगळे. हाड कातडी फाडून बाहेर आले असेल तर अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासातच हवे. धनुर्वाताचे इंजेक्शनही पाहावे. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात जखमी पाय बुडाला असेल तर लेप्टोस्पायरोसिससाठी प्रतिबंधक डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक ७२ तासांच्या आत, डॉक्टरांना विचारून.

आणखी एक घोळ स्टिरॉइडचा. सूज उतरावी म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डेक्सा या स्टिरॉइडचे इंजेक्शन टोचले जाते. दुसऱ्या दिवशी काउंट चढतो आणि त्यावर अँटिबायोटिक चढते. डोक्याला मार असेल तर ही सवय घातकच. दहा हजारांवर रुग्णांच्या ‘क्रॅश’ चाचणीत २००४ मध्येच दिसले की अशा रुग्णांना स्टिरॉइड दिल्याने मृत्यू वाढतात.

तेव्हा शहरातल्या प्रयोगशाळांनी रक्ताच्या फॉर्मवर तीन रकाने वाढवावेत: दुखापत किती वाजता झाली, नमुना किती वाजता घेतला, मधल्या काळात स्टिरॉइड दिले का. आणि रुग्णालयांनी ते कोरे ठेवून नमुना पाठवू नये.

– एक पॅथॉलॉजिस्ट, परळ, मुंबई