बाकावरच्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

आपला फोन नंबर मी कधी मागून घेतला नाही, आणि आता काकूंच्या डायलिसिसची वेळ बदलल्यापासून आपण दवाखान्यातल्या त्या बाकावर दिसत नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे. आपले आडनाव मला माहीत आहे, परंतु आपल्याला ते चारचौघांत घेतलेले आवडणार नाही, याची खात्री असल्यामुळे ते लिहीत नाही. सोलापुरातले कोणी ना कोणी हे वाचून आपल्याला दाखवेल, एवढ्याच आशेवर लिहिते.

आपल्याला आठवत असेल, २०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट आहे. आईचे डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार, प्रत्येक वेळी चार तास. जाताना ती बरी असायची; परतताना रक्तदाब इतका उतरलेला असायचा की जुळे सोलापूरपर्यंतच्या रिक्षाच्या प्रवासात प्रत्येक खड्ड्याला ती माझा दंड घट्ट धरायची आणि तोंडातून शब्द काढायची नाही. गाडी घ्यायची हे मी त्या रिक्षातच ठरवले. पैसे कसे उभे करायचे, हे मात्र कोणी धड सांगत नव्हते.

शोरूममध्ये मी धाकट्या भावाला बरोबर नेले होते. तो अजून शिकतो आहे, पगार माझा, सही माझी. तरीही तिथला माणूस पाऊण तास भावाशीच बोलत राहिला आणि मला फक्त रंग कोणता आवडतो एवढेच विचारले. कर्जाचा एजंट घरी आला, त्याने ‘नऊ टक्के’ असे एका दमात सांगितले आणि नऊ टक्के कशावर, हा माझा प्रश्न दोनदा टाळला. माझ्या कंपनीच्या पुण्यातल्या मनुष्यबळ विभागाला मी तीन वेळा लिहिले, तिन्ही वेळा तेच चकचकीत माहितीपत्रक आले. त्यात लिहिले होते की गाडी लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी भाड्याने घ्या, भाडे कर लागण्याआधीच पगारातून वजा होईल आणि वर्षाला अमुक इतका कर वाचेल. मी त्यावर जवळजवळ सही करून बसले होते.

ते माहितीपत्रक मांडीवर घेऊन मी बाकावर बसले असताना आपण शेजारून विचारलेत, “बघू का, बाळ?” सहकारी बँकेच्या कर्ज विभागात आपली सारी नोकरी गेली, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आपण चष्मा लावून ते पत्रक शेवटच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचलेत आणि पहिला प्रश्न विचारलात तो व्याजाचा नव्हता. “गाडी कोणासाठी?” मी आतल्या दाराकडे बोट केले. आपण मान हलवलीत आणि मग माझा वार्षिक पगार विचारलात. अकरा लाख चाळीस हजार.

“मग यंदा तुला आयकर किती बसतो?”

त्या वर्षीच्या अर्थसंकल्पानंतर नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे काहीच कर भरावा लागत नव्हता, आणि नोकरदारांना ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वगळली जाणारी रक्कम) त्याआधीच मिळत होती. एप्रिलपासून माझ्या पगारातून कर कापला जाणे थांबले होते, हे मी स्वतः पाहिलेही होते, परंतु पत्रकातला कर वाचवण्याचा हिशेब तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा आहे, हे मला कोणी दाखवले नव्हते. जो कर मला भरायचाच नव्हता, तो लीज वाचवणार कसा?

आपण लीजला नावे ठेवली नाहीत, हे मला विशेष लक्षात राहिले. माझा पगार पंचवीस लाख असता तर आपणच मला तो मार्ग सुचवला असता, असे आपण म्हणालात. कारण भाड्याची सगळी रक्कम करपात्र पगारातून बाहेर पडते, आणि कंपनीची गाडी कामासाठी व घरासाठी दोन्हीकडे वापरली, इंधन-देखभाल कंपनीनेच केली, तर १.६ लिटरपर्यंतच्या इंजिनाला त्या वर्षीच्या नियमाने दरमहा फक्त १,८०० रुपये आणि चालक असल्यास आणखी ९०० रुपये एवढेच उत्पन्नात धरले जात होते. मोठ्या पगाराच्या माणसाला त्यात खरा फायदा आहे. परंतु आरसी, म्हणजे गाडीचे नोंदणीपत्र, लीज कंपनीच्या नावाने, मुदत संपल्यावर गाडी ठेवायची असेल तर उरलेली किंमत वेगळी भरायची, आणि नोकरी मध्येच सुटली तर उरलेल्या भाड्याचा हिशेब एकदम अंगावर. मी घरून काम करते. उद्या कंपनीने पुण्याला बोलावले तर आईला सोडून मी जाणार नाही, नोकरी सोडेन, हे मी आपल्याला तेव्हाच सांगितले होते. त्यावर आपण एवढेच म्हणालात, “आईसाठी घेतेस ना? मग गाडी नोकरीच्या दावणीला कशाला बांधतेस?”

यानंतर जे झाले, त्यासाठी खरे म्हणजे हे पत्र आहे.

एजंटच्या नऊ टक्क्यांचा हिशेब आपण पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मांडायला घेतलात. दोन ओळी लिहून थांबलात, कागद माझ्याकडे फिरवलात, खिशातली पेन्सिल माझ्या हातात दिलीत आणि “तू कर, मी पाणी भरून आणतो” असे म्हणून उठलात. बाटली अर्ध्याहून अधिक भरलेली होती. मी अडखळेन, खाडाखोड करेन आणि ते कोणी पाहत असेल तर मला संकोच वाटेल, हे आपण ओळखले होते. गेल्या दोन वर्षांत दवाखाने, विमा, बँका अशा कितीतरी खिडक्यांपुढे मी उभी राहिले. तिथे कोणी मला समजावले नाही, आणि ज्यांनी समजावले त्यांनी लहान मुलाला सांगावे तसे समजावले. आपण मला एकटीला विचार करायला दहा मिनिटे दिलीत. त्या दहा मिनिटांसाठी मी आपली जन्मभर ऋणी आहे.

आणि हिशेब मला जमला, काका. पाच लाख, पाच वर्षे. एजंटचे नऊ टक्के मूळ रकमेवर शेवटपर्यंत तसेच चालणारे, म्हणजे व्याज २,२५,००० आणि हप्ता १२,०८३. बँकेचे नऊ टक्के दरमहा घटत जाणाऱ्या शिल्लक रकमेवर, म्हणजे हप्ता १०,३७९ आणि पाच वर्षांचे व्याज १,२२,७५१. दोन्हीकडे तोंडाने ‘नऊ’च म्हणायचे, फरक मात्र एक लाखावर! परत आल्यावर आपण सांगितलेत की त्या सपाट नवाचा खरा दर सुमारे पावणेसोळा टक्के पडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ (रिटेल) कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद द्यावाच लागतो आणि त्यात सर्व शुल्क धरून वार्षिक दर छापलेला असतो; तो हातात आल्याशिवाय कोणाशी दराबद्दल बोलूच नकोस, असेही आपण बजावलेत. मी एजंटकडे तो कागद मागितला. तो पुन्हा आला नाही.

आईच्या मुदत ठेवीतून गाडी रोख घेण्याचा माझा विचार आपण दोन वाक्यांत खोडून काढलात, आणि ती ठेव पुढे डिसेंबरमध्ये आईला अचानक दाखल करावे लागले तेव्हाच उपयोगी पडली. लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होण्याची घोषणा झाली होती, म्हणून महिनाभर थांबायलाही आपणच सांगितलेत. २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा कर उपकरासह २९ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि माझ्या गाडीची किंमत सुमारे साठ हजारांनी उतरली. कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचे, दर बदलता, म्हणून मुदतीआधी फेडले तरी दंड नाही. आरसीवर बँकेचा बोजा आहे, पण नाव माझे आहे.

आपण एकदा बोलता बोलता सांगितले होते की यंत्रमागासाठी कर्ज घ्यायला येणाऱ्या माणसांना आपण मराठीत, तेलुगूत आणि मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये हप्त्याचा हिशेब समजावत असा आणि त्यांना समजेपर्यंत अंगठा उमटवू देत नसा. आपल्या खिडकीसमोर उभ्या राहिलेल्या त्या माणसांचा मला हेवा वाटतो. एवढे ज्ञान असलेला माणूस निवृत्तीनंतर दवाखान्याच्या बाकावर, स्वतःची पत्नी आत यंत्राला जोडलेली असताना, अनोळखी मुलीसाठी ते खर्च करतो आणि चहाचे पैसेही देऊ देत नाही. असा चांगुलपणा आपल्या शहरात अजून आहे, हे मला आपल्यामुळे कळले. दर लपवून कमिशन मिळवणाऱ्यांनी एकदा आपल्यासमोर बसावे, असे मनापासून वाटते.

दसऱ्याला गाडी घरी आली. रूपाभवानीच्या देवळापुढे हार घातला, आणि त्याच आठवड्यात आईला तुळजापूरला नेऊन आणले. मागच्या सीटवर उशी लावून ती आडवी होते. परतताना बहुतेक वेळा तिला झोप लागते. माझा दंड ती आता धरत नाही.

काकूंची वेळ आता कोणती आहे, हे कळवा. आमची अजूनही सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सात ते अकरा अशीच आहे आणि मी त्याच बाकावर असते. वार जुळत असतील तर काकूंना घरून आणण्या-सोडण्यासाठी गाडीत जागा आहे. नाही म्हणू नका.

आपली,
जुळे सोलापूरची मुलगी