काळी पाच कुणाची?

लष्कर, ग्वाल्हेर
रविवार, रात्री

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पुण्याला गेलास आणि गच्चीवरची बैठक मोडली, ती काल पुन्हा भरली. गजक होती, शेगडी होती, धाकट्याने स्पीकर आणला होता. वाद आपला जुनाच: 'क्वीन' या इंग्लिश रॉक बँडच्या फ्रेडी मर्क्युरीचा सगळ्यांत भारी वरचा सूर कोणता? तू नव्हतास, म्हणून तुझी बाजू मीच लढवली. पण एका जागी तू हरलास, ते आधी सांगून टाकतो.

क्वीनच्या 'बोहेमियन रॅप्सडी'तला तो सुईसारखा सूर, कोरसच्या शेवटी टोकाला जाऊन थांबणारा, ज्यावर तू पैज लावायचास, तो फ्रेडीचा नाहीच. तो ड्रमवाल्या रॉजर टेलरचा. 1975 साली फ्रेडी, टेलर आणि गिटारवाला ब्रायन मे, या तिघांनी आपलेच आवाज टेपवर पुन्हा पुन्हा चढवून तो अख्खा जमाव उभा केला, आणि त्यात वरची बाजू टेलरकडे होती. अप्पा खालून पेटी घेऊन आले आणि बोट शोधत शोधत वरच्या सप्तकातल्या काळी पाचवर, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीवर, थांबले. सगळे गप्प. पुरुषाचा गळा तिथे जातो, हे पेटीवर बघितल्याशिवाय पटत नाही रे.

मग कुणीतरी 'डीप पर्पल' बँडच्या इयन गिलनचं नाव काढलं. 'चाइल्ड इन टाइम', 1970. शब्द सोडून नुसत्या स्वरावर पायरी पायरीने चढत जातो आणि शेवटी किंचाळतो. अप्पांना ते आवडलं. चढण बांधीव आहे, म्हणाले. मलाही आवडतं, पण तिथे वर पोचल्यावर गाणं संपून आरोळी सुरू होते. आरोळीच हवी होती त्याला, मान्य. मला मात्र वर गेल्यावरही गाणंच हवं असतं.

म्हणून माझं मत फ्रेडीच्या 'द शो मस्ट गो ऑन'ला. फुलपाखरांच्या पंखांची ती ओळ संपते आणि त्याच्यानंतर तो जो उडतो, ती जागा. फ्रेडीचा बोलण्याचा आवाज खालचा होता, हे तुला माहीत आहे का? 2016 साली काही संशोधकांनी त्याच्या मुलाखती आणि गाणी तपासली. बोलताना तो बॅरिटोनच्या पट्टीत, आणि सुरातली थरथर सेकंदाला सुमारे सात वेळा, म्हणजे ऑपेराच्या गायकांपेक्षाही जलद. असा खालच्या घरचा माणूस वरच्या मजल्यावर जातो तेव्हा अंगातलं सगळं वजन उचलून नेतो. खोट्या आवाजात तो सूर सहज लागला असता. त्याने तो खुल्या आवाजात लावला. आपल्या ग्वाल्हेरच्या गायकीत लहानपणापासून खुल्या आवाजाचंच ऐकत आलोय, म्हणून मला तो फरक कानाला नाही, छातीला कळतो.

आणि केव्हा लावला! 1990 साली, आजाराने तो पार खंगलेला असताना. ब्रायन मे सांगतो की ही चाल त्याला झेपेल की नाही याची आपल्याला धास्ती होती. फ्रेडीने व्होडकाचा एक घोट घेतला आणि गाऊन टाकलं. त्यानंतर वर्षभराने, 24 नोव्हेंबर 1991ला, तो गेला.

इथवर आलो तेव्हा अप्पांनी आपल्या ग्वाल्हेर घराण्याच्या हस्सू खाँची गोष्ट काढली. आपण शंभरदा ऐकलेली, पण काल नव्याने ऐकू आली. भर दरबारात ती 'कडक बिजली'ची तान घेतली, आणि तिथले दुसरे बडे गवई, बडे महंमद खाँ, म्हणाले, वाहवा, पुन्हा एकदा होऊ द्या. दुसऱ्यांदा घेताना बरगडी फुटली, तोंडातून रक्त आलं, आणि त्यातूनच पुढे खाँसाहेब गेले, असं घराण्यात सांगतात. अप्पा सांगताना 'पुन्हा एकदा' वर थांबले.

तुझा फ्रेडीवरचा जुना राग आठवला मला. स्टेजवर तो वरचे सूर चोरतो, खालून गातो, म्हणून तू चिडायचास. मीही तुझ्या सुरात सूर मिसळायचो. आता नाही मिसळणार. त्याच्या स्वरतंतूंवर गाठी होत्या. रोज रात्री हजारो लोक 'पुन्हा एकदा' म्हणणारे, आणि उद्या परत कार्यक्रम. लाइव्ह एड या मदतनिधीच्या जलशात, 13 जुलै 1985ला, लंडनच्या वेम्बली मैदानावर त्याने लोकांशी जी साद-प्रतिसादाची आलापी केली, तिथला लांबलेला सूर फार वरचा नाहीच. पण एवढं मैदान त्याच्या श्वासावर थांबलं होतं.

'द शो मस्ट गो ऑन' मात्र तो कधीच स्टेजवर गायला नाही. बँडबरोबर त्याचा शेवटचा कार्यक्रम नेबवर्थला, ऑगस्ट 1986मध्ये झाला, हे गाणं त्या कार्यक्रमानंतरचं. म्हणजे त्या सुराला 'पुन्हा एकदा' म्हणायला समोर कुणीच नव्हतं.

आज रात्री दिवा मालवून, हेडफोन लावून एकदा ऐक. मग कार्डावर का होईना, दोन ओळी लिही. आणि डिसेंबरात तानसेन समारोहाला ये. मागच्या वेळी तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला, गळा गोड व्हावा म्हणून, तोंडात टाकायचं राहून गेलं आपलं. अप्पा पेटी लावून ठेवतील, म्हणतात.

तुझा,
गच्चीवरचा