मारिकाओच्या दोन्यांना, तीन किडक्या बियांबद्दल

दोन्या,

सा. न. वि. वि.

तुमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला दोन्या म्हणतात, आमच्याकडे मावशी म्हटलं असतं. नाव मुद्दाम लिहीत नाही. पोर्तो रिकोच्या डोंगरातल्या, पाच हजारसुद्धा वस्ती नसलेल्या तुमच्या गावात नाव घेतलं की दुसऱ्या दिवशी प्लाझात चर्चा, आणि ते तुम्हाला रुचायचं नाही.

पावशेर कॉफीचं पाकीट बंद करण्याआधी तुम्ही त्यात दोन बोटं घातलीत, दाणे चाळवलेत आणि तीन बिया काढून आमच्या तळहातावर ठेवल्यात. प्रत्येकीला टाचणीच्या टोकाएवढं भोक. ‘याही माझ्याच झाडाच्या,’ म्हणालात. मग पेन्सिलीने पाकिटावर भाजल्याची तारीख घातलीत आणि तोंड दुमडून पाकीट हातात दिलंत. आभार मानायचेत ते या तीन बियांचे. कॉफीचे काय, पैसे दिलेच होते.

आम्ही आंब्याच्या पेटीत वाढलेली माणसं. वरच्या थरात देखणा हापूस, आणि तळाला काय निघेल ते ज्याचं त्याचं नशीब. विकणाऱ्याने आपल्याच मालातली कीड आपणहून काढून दाखवावी, याची सवय नाही हो आम्हाला. त्यात दोनच दिवस आधी राजधानी सान हुआनमध्ये ‘कॉफी टूर’च्या नावाखाली माणशी घसघशीत पैसे मोजून झाले होते. कंपनीचं नाव घेत नाही. गारेगार खोली, काचेपलीकडे एक भट्टी, भिंतीवर बैलगाडीचं चित्र आणि बाहेर पडायची वाट दुकानातून. झाड कुठे आहे, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘सध्या सीझन नाही.’ ऑक्टोबर महिन्यात! ऑगस्ट ते डिसेंबर तुमच्या डोंगरात तोडणी चालते आणि ऑक्टोबरात तर फांद्या लालभडक असतात, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसावं किंवा आम्हाला नसेल असं वाटलं असावं. तिथल्या पिशवीवर डोंगर छापला होता. कॉफी कुठली ते मात्र कुठेच छापलेलं नव्हतं.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुमच्यापेक्षा आमचीच माणसं वाचणार. न्यू जर्सी-टेक्ससकडची आमची मंडळी थंडी चुकवायला पोर्तो रिकोला येतात (अमेरिकेचाच प्रदेश, वेगळा व्हिसा लागत नाही), सान हुआनचे किल्ले, एल युंकेचं जंगल आणि समुद्र उरकून परत जातात. त्यांच्यातलं कुणी मारिकाओला आलंच तर तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगत बसायला नको, म्हणून तुम्ही सांगितलेलं इथे तुमच्यासमोरच म्हणून दाखवतो. चुकलं तर कान धरा.

आधी ते भोक. कीड ब्रोका, बेटावर सापडली २००७ साली. काळा भुंगेरा, लांबी जेमतेम दीड मिलिमीटर. फूल गळून गेल्यावर फळाला जी बेंबी राहते तिथून मादी आत शिरते, बीमध्येच अंडी घालते आणि अळ्या बी खात वाढतात. नर जन्मभर आतच. मादीचं मीलनही आतच उरकतं आणि ती बाहेर पडते ती थेट पुढचं फळ पोखरायला. एकदा ती बीमध्ये गेली की वरून काहीही फवारा, तिला पत्ता लागत नाही. कीड मारणारी बिव्हेरिया बुरशी चालते, पण मादी तोंडाशी भोक पाडत असतानाच ती तिच्या अंगाला लागली पाहिजे. चार दिवसांचा उशीर म्हणजे औषध पाण्यात. (बिव्हेरियाची पाकिटं आमच्याकडे कृषी सेवा केंद्रात मिळतात, त्यामुळे नाव ऐकून घरचं माणूस भेटल्यासारखं झालं.) झाडांना टांगलेल्या त्या लाल बाटल्यांत तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग इथेनॉल; वासाने आणि लाल रंगाने मादी येते आणि खालच्या पाण्यात पडते. पण बाटल्यांनी मुख्यतः किती कीड उडते आहे ते समजतं. खरा उपाय हाताचा: तोडणी संपल्यावर झाडावर आणि जमिनीवर एकही फळ राहू द्यायचं नाही. राहिलेलं फळ म्हणजे पुढच्या हंगामापर्यंत ब्रोकाचं माहेर. मजूर मिळत नाहीत म्हणून शेवटची वेचणी टाळणारा शेतकरी स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्याही मळ्याला कीड पुरवतो, हे तुम्ही कुंपणापलीकडे बघत, आवाज न चढवता म्हणालात. आम्ही पलीकडे बघायचं टाळलं.

तोडलेली फळं आधी पाण्याच्या पिंपात ओततात. पोखरलेली, पोचट, वाळलेली वर तरंगतात. ती काढून टाकायची. मग पाकिटात भोकाची बी येतेच कशी? तर किडीने नुकतंच तोंड घातलेली बी भरीव असते, चांगल्या बीसारखीच बुडते. पुढे सालं निघतात, वाळवण होतं, भाजणी होते आणि ते भोक थेट पाकिटापर्यंत येतं. थांबवायला एकच चाळणी आहे, माणसाचे डोळे. तुमचे डोळे त्या दिवशी सकाळपासून काम करत होते आणि तरी तीन निसटल्या. त्या तुम्ही लपवल्या नाहीत.

यातल्या एकेका बीची किंमत कळायला आल्मूद समजून घ्यावं लागतं. तोडणाऱ्याची मजुरी या मापावर: एक आल्मूद म्हणजे साधारण २८ पौंड फळं, आपले पावणेतेरा किलो. साल, गर, चिकट थर, टरफल सगळं जाऊन आणि पाणी आटून हिरवी बी उरते सव्वादोन-अडीच किलो. भाजताना त्यातलाही पाचवा-सहावा हिस्सा उडतो. म्हणजे भरलेल्या एका आल्मूदातून जेमतेम दोन किलो, पावशेराची आठ पाकिटं. ती फळंही एकदम पिकत नाहीत. एकाच फांदीवर लाल, पिवळी, हिरवी शेजारी शेजारी. एकेक लाल खुडायचं, ओल्या उतारावर उभं राहून, आबायार्दे चावत असताना. ही आबायार्दे तिळाएवढी तांबूस मुंगी, पानांवरून अंगावर पडते आणि चावा तासभर आग करतो. येणाऱ्यांनी लांब बाह्यांचा सदरा, पूर्ण पँट आणि टोपी घालूनच मळ्यात शिरावं. हाफ पँटवाल्याला तुम्ही खळ्यापुढे जाऊ दिलं नाहीत, ते बरंच केलंत.

आणि वादळं. १८९९च्या ऑगस्टमधलं सान सिरियाको, ज्याने बेटाची कॉफी झोपवली ती आदल्याच वर्षी सत्ता बदलून स्पेनची बाजारपेठ हातची गेलेली असताना. मग २० सप्टेंबर २०१७चं मारिया, ऐन तोडणीच्या हंगामात. रोप लावल्यावर नीट पीक यायला तीन-चार वर्षं जातात. मारियानंतर लावलेली झाडं कुठे भरायला लागली, तेवढ्यात १८ सप्टेंबर २०२२ला फियोना. हे सांगताना तुम्ही सावलीसाठी लावलेल्या ग्वाबाच्या झाडाकडे बोट दाखवलंत: सावलीची मोठी झाडं मोडली की खालच्या कॉफीला दुहेरी मार, आधी फांदी अंगावर आणि मग डोक्यावर ऊन. सावलीत पीक कमी, पण माती धुपत नाही, फळ सावकाश भरतं. शिवाय बाजूच्या मारिकाओच्या जंगलातला तो काळा-पांढरा चिमुकला पक्षी, १९७२ साली शास्त्रज्ञांनी नवी जात म्हणून नोंदवलेला, जगात फक्त पोर्तो रिकोत राहणारा, तो तुमच्या सावलीत येतो. आम्हाला दिसला नाही. पाऊस होता.

पावसावरून रस्ता आठवला. सान हुआनहून अडीच-तीन तास धरा. दक्षिणेकडून साबाना ग्रांदेहून पीआर-१२० जंगलातून चढतो, पश्चिमेकडून मायाग्वेसहून पीआर-१०५. दोन्ही आंबोलीच्या घाटाचे भाऊ, फक्त जास्त अरुंद. अंतराच्या पाट्या किलोमीटरमध्ये, वेगमर्यादा मैलात आणि पेट्रोल लिटरवर. पहिल्या दिवशी डोकं चक्रावतं. पत्ता घरक्रमांकाचा नसून रस्त्याच्या किलोमीटरचा असतो, ‘पीआर अमुक, किलोमीटर तमुक’, आणि कडेच्या छोट्या पाट्या वाचत जायचं. दरीत फोनला रेंज जाते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा. टाकी खालीच भरावी. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यावा. तिथे तो शिवी नसून ‘मी येतोय’ असा निरोप असतो. दुपारनंतर पाऊस आणि धुकं, तेव्हा सकाळी चढावं आणि चारच्या आत उतरायला लागावं. रोख डॉलर जवळ हवेत, कारण तिथे सगळ्यांकडे असलेलं एटीएच मोविल स्थानिक बँकेच्या खात्याशिवाय चालत नाही, अगदी आमच्या यूपीआयसारखं.

त्या रस्त्यावर एक पिकअपवाला समोर आला. जागा एकाच गाडीची. त्याने हॉर्न वाजवला नाही, हात उडवले नाहीत. केळ्यांनी भरलेली गाडी वळणावळणाने मागे नेली, रुंद जागा आल्यावर कडेला लावली आणि आम्ही पुढे जाताना दोन बोटं कपाळाला लावली. तुमच्या गावात हे पाणी प्यावं तसं करतात, असं दिसतं. आमच्याकडे असा माणूस भेटला की रात्री जेवताना घरी सांगतात.

बाकी कामाबद्दल थोडक्यात, कारण ते बघण्यात मजा आहे. तोडलेलं फळ त्याच दिवशी सोलायचं, रात्र काढली की आंबट वास धरतो. सोललेली चिकट बी टाकीत आंबवायची १२ ते २४ तास, गारठा असेल तर आणखी. झालं की नाही हे घड्याळ सांगत नाही: मूठभर घेऊन चोळायची, बुळबुळीत लागली तर थांबायचं, खड्यांसारखी करकरली की लगेच धुवायची. तिथे केलेला आळस कपात व्हिनेगरसारखा लागतो. मग सिमेंटच्या खळ्यावर ओलावा ११-१२ टक्क्यांवर येईपर्यंत वाळवण, दिवसातून कितीदा तरी दाताळं फिरवत. ढग आला की ताडपत्री. तुम्ही बोलता बोलता वाक्य अर्धवट टाकून ताडपत्रीकडे धावलात, आणि दोन मिनिटांत सर कोसळली.

कप आला तो कोलादोरमधून. लाकडी मुठीचं कडं आणि त्याला कापडी पिशवी. पुण्यातल्या अमृततुल्याचं फडकं ज्याने पाहिलंय त्याला ओळख करून द्यायला नको. पाणी उकळून आचेवरून खाली घ्यायचं, एका छोट्या कपाला १० ग्रॅम भुकटी टाकून ढवळायचं, तीनेक मिनिटांनी गाळायचं. नवं कापड आधी उकळून घ्यायचं, नाही तर खळीची चव उतरते. साबण कधीच लावायचा नाही. दूध-साखर न घालता पितात तिला ‘पुया’ म्हणतात, हा एक शब्द पाठ करून गेलं तरी पुरे. आमच्यातल्या एकाने पुयात तीन चमचे साखर घातली आणि तुम्ही काही बोलला नाहीत. फक्त साखरेचा डबा झाकून आत ठेवलात.

विकत घेणाऱ्यांसाठी: पाकिटावर ‘१०० टक्के पोर्तो रिको’ असं आणि भाजल्याची तारीख, दोन्ही हवं. बेटावर प्यायल्या जाणाऱ्या कॉफीतली बरीचशी मेक्सिको, डोमिनिकन रिपब्लिक अशा ठिकाणांहून येते, तेव्हा दुकानातल्या डोंगराच्या चित्रावर जाऊ नये. भाजल्यावर तीन-चार दिवस थांबून फोडावी, दोनेक आठवड्यांत संपवावी. विमानतळावर अमेरिकेच्या मुख्य भूमीकडे निघताना कृषी खात्याची तपासणी असते. भाजलेली कॉफी खुशाल न्यावी. गरासकट ताजी फळं नेता येत नाहीत, ‘आठवण’ म्हणून एखादं खिशात टाकू नये. ब्रोका अशाच खिशांतून प्रवास करते. आमच्या चिखलदऱ्यातही कॉफी पिकते, मेळघाटच्या डोंगरात, हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही लगेच विचारलंत, ‘तिथे सावलीला काय लावतात?’ आमच्यापैकी कुणालाच धड सांगता आलं नाही. महाराष्ट्रातली माणसं महाराष्ट्रातल्या एकमेव कॉफीबद्दल गप्प, आणि विचारणाऱ्या मारिकाओच्या दोन्या. चिखलदऱ्याला जाऊन, बघून कळवतो.

फेब्रुवारीत गावात आकाबे असतो, तोडणी संपल्याची जत्रा. पूर्वी मळेवाला शेवटच्या दिवशी तोडणाऱ्यांना जेवू घालायचा, त्याची ही गावभर झालेली आवृत्ती. गर्दी होते, राहायला जागा थोडी, म्हणून येणाऱ्यांनी आधी ठरवावं. झाडावरची फळं बघायची असतील तर मात्र ऑक्टोबरच बरा. ‘सीझन नाही’ म्हणणाऱ्याला हसून पुढे जावं.

तुमचे ऋणी,
ओल्या बुटांनी तुमचं खळं घाण करून गेलेले चौघे

ता. क. – तुमची पेन्सिल आमच्याकडेच राहिली. आकाबेला कुणी ओळखीचं येणार असेल तर त्यांच्याबरोबर पाठवतो. टोक काढून ठेवलंय.