बॅग पुन्हा उघडली नाही

चिऊ,

तू झोपलीयस आणि तुझी बॅग दाराशी आहे. मी ती पुन्हा उघडलेली नाही. मघाशी ‘बाबा, ही माझी बॅग आहे’ म्हणालीस ते बरोबरच होतं. ७०-२०० मी परस्पर काढून ठेवायला नको होती. पण ती एकटी लेन्स दीड किलोची आणि बऱ्याच विमानांत हातातल्या सामानाला ७ किलोच. जाऊ दे, मिटला तो विषय.

बॅटऱ्यांचं तेवढं ऐक. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवरबँक चेक-इनच्या सामानात टाकू नकोस. लिथियम पेटलंच तर केबिनमध्ये निदान कुणाला तरी दिसतं, खाली सामानात कोण बघणार? टोकांना चिकटपट्टी लावलीय, ती राहू दे. मर्यादा १०० वॅट-अवरची असते. तुझी २०,००० एमएएचची पॉवरबँक ३.७ व्होल्टने ७४ वर येते. कुणी अडवलं तर हा हिशेब सांग.

आणि फोटो काढताना मागे सरकू नकोस.

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, म्हणून एक कायम कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. खोलीत शिरण्याआधी बाहेरच कार्ड काढून घे आणि कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद कर. दोन तास हात लावू नकोस. दव धरायचं ते पिशवीवर धरू दे, लेन्सवर नको. कार्ड आधी काढ म्हणतोय, कारण तुला दम निघणार नाही आणि पिशवी उघडशील. रोज रात्री दोन प्रती, दोन वेगळ्या बॅगांत, त्याशिवाय कार्ड फॉरमॅट नाही.

झालं, पुन्हा शिकवणी सुरू. सॉरी.

तुझ्या पहिल्या वाढदिवसाला मी ३६ फोटो काढले होते. काउंटर मुकाट पुढे सरकत होता. डावीकडची रोल गुंडाळायची खुंटी मात्र जागची हलत नव्हती, आणि तिकडे मी बघितलंच नाही. फिल्मची जीभ, म्हणजे सुरुवातीचं टोक, पलीकडच्या रिळात अडकलीच नव्हती, त्यामुळे फिल्म पुढे सरकलीच नाही. रोल धुऊन आला तो काचेसारखा स्वच्छ. तुझी आई आठ दिवस बोलली नाही. टोपी डोळ्यांवर आलेली तू मला अजून दिसतेस, पण कागदावर कुठेच नाहीस. तेव्हापासून मी सगळं तीनतीनदा तपासतो, त्यात तुझी बॅग सापडली.

आजीच्या हातांचा तू काढलेला फोटो माझ्या पाकिटात असतो. इतकी वर्षं कॅमेरा गळ्यात घालून हिंडलो, मला तसा एक जमला नाही. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही.

पण डोळा व्ह्यूफाइंडरला लागला की पाय तुझे राहत नाहीत. गच्चीवरचं मला आठवायचं नाहीये. तिथे रात्र, बर्फ, आणि तुझी मान आकाशाकडे. मागे जायचंच असेल तर आधी कॅमेरा खाली घे, वळून बघ, मग पाऊल टाक.

सिरियल नंबरांची यादी आणि बिलांच्या झेरॉक्स पासपोर्टच्या पाकिटात आहेत. परत येताना कस्टमवाल्यांनी विचारलं तर असू देत.

वर खोटं लिहिलंय. बॅग एकदा उघडली. पुढच्या कप्प्यात माझा हेडटॉर्च आहे, सेल नवे घातलेत. काट्यावर टाकून पाहिलं, ७ किलोच्या आत बसतं.

बाबा