मांडीचा घेर आणि मांडीची ताकद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या महिला पुरवणीत अलीकडे मांड्या आणि पोटऱ्या बारीक करण्याच्या व्यायामांवर एक लेख आला होता. स्त्रियांनी वजने उचलली तर पाय पुरुषांसारखे जाड होतात, म्हणून त्यांनी चालणे आणि पडल्यापडल्या पाय उचलण्याचे हलके प्रकार एवढेच करावेत, असा सल्ला त्यात होता. मी मिरजेत गेली २२ वर्षे मुलींचे आणि स्त्रियांचे व्यायामवर्ग घेते. तो लेख आला त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या सकाळच्या वर्गातल्या तिघींनी डंबेल्स हातात घ्यायला नकार दिला. त्यांतल्या एकीने लेखाचे कात्रणच पुढे केले. त्या तिघींना जे सांगितले, ते आपल्या वाचक भगिनींपर्यंतही पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कात्रण आणणारी मुलगी १९ वर्षांची, महाविद्यालयात शिकणारी. तिच्या पिशवीत शिंप्याकडे असते तशी पिवळी टेप असते. रोज सकाळी दात घासण्याआधी ती उजव्या मांडीवरच्या तिळाच्या रेषेत टेप गुंडाळते आणि आकडा वहीत लिहिते. ती वही मी पाहिली आहे. साडेचोपन्न, चोपन्न, पंचावन्न, पुन्हा साडेचोपन्न, अशी सहा महिन्यांची पाने भरलेली आहेत. ज्या दिवशी आकडा वाढला त्या दिवशी समासात बारीक अक्षरात ‘रात्री जेवायचे नाही’ अशी नोंद आहे. असेच एकदा रात्रीचे जेवण सोडून ती सकाळी केवळ लिंबूपाण्यावर वर्गात आली आणि दहाव्या मिनिटाला डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसली. रक्त तपासल्यावर हिमोग्लोबिन अवघे ८.९ निघाले. मांडीच्या घेरापायी आमच्या मुली हा धोका पत्करतात, आणि म्हणून या विषयाकडे केवळ सौंदर्याचा विषय म्हणून पाहणे मला शक्य होत नाही.

आधी मूळ समजुतीविषयी. ज्या भागाचा व्यायाम करावा त्याच भागाची चरबी जळते, असे आपण इतक्या वेळा ऐकलेले असते की ते खरेच वाटते. शरीराचे काम तसे चालत नाही. चरबीच्या पेशींत साठवलेला मेद आधी रक्तात उतरतो, आणि काम करणारा स्नायू आपल्या गरजेचे इंधन त्या रक्तातून उचलतो. ते इंधन शेजारच्या कातडीखालून आले की पाठीवरून, याच्याशी स्नायूला काही देणेघेणे नसते. १९७१ साली अमेरिकेत टेनिसपटूंच्या दोन्ही हातांवरच्या चरबीची जाडी मोजण्यात आली. वर्षानुवर्षे रॅकेट पेलणारा हात घेराने मोठा होता, कारण त्याचा स्नायू वाढलेला होता. परंतु कातडीखालच्या चरबीची जाडी दोन्ही हातांवर सारखीच निघाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चिलीमधील एका प्रयोगात तर स्त्री-पुरुषांच्या एका लहान गटाकडून १२ आठवडे एकाच पायाचा व्यायाम करून घेतला गेला, तोही एका बैठकीत हजाराच्या आसपास आवर्तने असा. शरीरातली चरबी थोडी कमी झाली, परंतु ती मुख्यतः कमरेच्या वरच्या भागातून गेली आणि राबलेल्या पायाला त्याचा वेगळा लाभ मिळाला नाही. मांडीच्या आतल्या बाजूची चरबी घालवण्यासाठी व्यायामशाळेतल्या पाय जवळ-दूर करण्याच्या यंत्रावर रोज अर्धा तास बसणाऱ्या भगिनींनी हा प्रयोग अवश्य लक्षात घ्यावा. त्या यंत्राने स्नायू बळकट होतो. चरबी निवडून काढण्याचे काम ते करू शकत नाही. पट्टे, जेल, घाम काढणाऱ्या रबरी चड्ड्या यांविषयी फार लिहायला नको. त्यांनी जे उतरते ते पाणी असते आणि दोन तांबे पाणी प्यायले की ते परत येते.

स्त्रियांच्या मांड्यांवर आणि नितंबांवर चरबी का साठते, हेही कोणीतरी मुलींना नीट सांगायला हवे. वयात येताना इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे ती तिथे साठते, आणि बाळ अंगावर पिते त्या काळात तीच साठवण आईच्या उपयोगी पडते. पोटावरच्या चरबीपेक्षा ती हळू सुटते, म्हणून वजन उतरू लागले की आधी चेहरा, गळा आणि पोट यांवर फरक दिसतो, आणि मांड्यांचा नंबर शेवटी लागतो. आणखी एक गोष्ट अशी की मधुमेह आणि हृदयविकार यांच्या दृष्टीने पोटाच्या आतली चरबी जितकी घातक, तितकी मांडीवरची नाही. भारतीय स्त्रीने टेपने मोजायचेच असेल तर कंबर मोजावी आणि ती ८० सेंटिमीटरच्या आत आहे ना, एवढे पाहावे. माझ्या वर्गात येणाऱ्या चाळिशीच्या कित्येक जणी कमरेच्या ९२ सेंटिमीटरबद्दल अवाक्षर काढत नाहीत आणि मांड्यांबद्दल मात्र पहिल्याच दिवशी विचारतात.

आता पाय जाड होण्याच्या भीतीविषयी. पुरुषांचे स्नायू ज्या टेस्टोस्टेरॉन संप्रेरकामुळे फुगतात, त्याचे प्रमाण स्त्रीच्या रक्तात पुरुषाच्या सुमारे पंधराव्या हिश्शाइतके असते. आठवड्यातून दोनतीनदा वजने उचलणाऱ्या स्त्रीच्या मांडीचा स्नायू वाढतो, हे मी नाकारणार नाही. काहींची अंगकाठीच अशी असते की त्यांचा थोडा अधिक वाढतो. परंतु ही वाढ संथ असते, महिन्यांच्या हिशोबाने होते, आणि व्यायाम कमी केला की थांबते. शरीरसौष्ठव स्पर्धांतील स्त्रिया दिसतात तशा दिसण्यासाठी अनेक वर्षे रोजचे तास, मोजून-मापून घेतलेला भरपूर आहार आणि काही वेळा औषधेही लागतात. दोन महिने दहा किलो वजन घेऊन बैठका काढल्याने कोणीही चुकून तशी होत नाही.

मीराबाई चानू यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये भारोत्तोलनाच्या ४९ किलो वजनी गटात रौप्यपदक मिळवले, तेव्हा क्लीन अँड जर्क (भार आधी खांद्यांपर्यंत आणि मग डोक्यावर नेण्याच्या) प्रकारात ११५ किलो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार त्यांनी डोक्यावर धरला होता. आपल्या वडगाव मावळच्या हर्षदा गरुड यांनी २०२२ साली ग्रीसमध्ये कनिष्ठ जागतिक भारोत्तोलन स्पर्धेत ४५ किलो गटात दोन्ही प्रकार मिळून एकूण १५३ किलो उचलून सुवर्णपदक आणले. या स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. जगातले सर्वांत कठोर वजनाचे प्रशिक्षण घेऊनही या दोघी तेव्हा ४९ आणि ४५ किलोच्या गटात बसत होत्या, मग आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या गृहिणीने अवाढव्य होण्याची धास्ती का घ्यावी, हा माझा प्रश्न आहे.

भीती बसते ती बहुधा पहिल्या तीन आठवड्यांत, आणि तिला कारणही असते. नव्याने ताण बसलेला स्नायू पाणी धरून ठेवतो, मांड्या घट्ट आणि भरल्यासारख्या वाटतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळ येते, आणि काट्यावर एखादा किलो जास्तही दिसतो. त्याच वेळी लेगिंग मांडीला आवळते आणि बाई वर्ग सोडते. हे पाणी काही आठवड्यांत ओसरते. त्यानंतर आहार ताळ्यावर असेल तर वजन तेवढेच राहूनही कपडे सैल होऊ लागतात, कारण एक किलो स्नायू एक किलो चरबीपेक्षा कमी जागा व्यापतो. ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली तर निम्म्या जणी टिकतात, असा माझा अनुभव आहे.

माझ्या दुपारच्या वर्गात ६१ वर्षांच्या एक काकू येतात. नातवाच्या बारशाला खाली सतरंजीवर बसल्या आणि उठताना त्यांना दोन सुनांनी काखेत हात घालून उठवावे लागले. ‘बाई, मला जमिनीवरून एकटीनं उठायचंय, बाकी काही नको,’ एवढीच त्यांची मागणी होती. आम्ही खुर्चीवर बसण्या-उठण्यापासून सुरुवात केली. खुर्चीवर आधी दोन उशा, मग एक, मग नुसती खुर्ची, मग चौरंग, मग हातात दोन किलोचे डंबेल घेऊन चौरंग. पाचव्या महिन्यात त्या भिंतीला हात न लावता जमिनीवरून उठल्या. त्यांच्या मांडीचा घेर तेव्हा किती होता ते मला माहीत नाही, कारण आम्ही तो मोजलाच नव्हता.

तिशीनंतर दर दशकात स्नायूंचा ३ ते ८ टक्के भाग झिजतो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. पाळी थांबल्यावर हाडांचीही तीच गत होते. ऑस्ट्रेलियातील शंभरावर स्त्रियांवरचा एक प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्या सर्वांची पाळी थांबलेली होती आणि हाडे विरळ झालेली होती. त्यांच्यातल्या एका गटाने तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, आठ महिने चांगली जड वजने उचलली. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या दुसऱ्या गटाची सुमारे १.२ टक्क्यांनी घटली. चालणे उत्तमच आहे, ते कोणी सोडू नये, परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या शिफारशींत आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम वेगळा सांगितलेला आहे, आणि तो स्त्री-पुरुष दोघांनाही सांगितलेला आहे. आपल्या पुरवणीतील लेखाने त्यातला अर्धा भाग स्त्रियांच्या ताटातून काढून घेतला, याचे मला वाईट वाटते.

वजन किती घ्यावे, हा प्रश्न लगेच येतो. आठ ते बारा वेळा करता येईल आणि शेवटचे दोन कष्टाने होतील इतके घ्यावे. ते सहज होऊ लागले की थोडे वाढवावे. गुलाबी रंगाचे एक किलोचे डंबेल वर्षभर हलवत राहिल्याने काही साधत नाही. तरण्याताठ्या मुलीचे दप्तरच त्याहून जड असते, आणि घागर तर कितीतरी जड. गुडघे दुखणाऱ्या, रक्तदाब असलेल्या, गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या भगिनींनी आधी डॉक्टरांना विचारून, जाणकाराच्या नजरेखाली सुरुवात करावी.

खाण्याविषयी मला अधिक कळकळीने लिहायचे आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिनची कमतरता, असल्याचे आढळले. अशा देशात मुलींना ‘पाय बारीक करण्यासाठी’ उपाशी राहण्याच्या युक्त्या सांगणे हा अपराध आहे, असे मी मानते. अर्धपोटी व्यायाम केला तर चरबीबरोबर स्नायूही जातो, पाळी अनियमित होते, केस गळतात, आणि मांड्या बारीक झाल्या तरी जिना चढायला दम पुरत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने (आयसीएमआर) प्रौढांसाठी शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. ५५ किलोच्या स्त्रीला ती सुमारे ४६ ग्रॅम होतात. चहा-पोळी, दुपारी भात-आमटी आणि रात्री उरलेसुरले, असे जेवणारीच्या पोटात एवढी जात नाहीत. सर्वांचे झाल्यावर जेवायला बसायचे आणि उसळीच्या पातेल्यात रस्साच उरलेला असायचा, हे आपल्या घरांतून अजून गेलेले नाही. मोड आलेली मटकी, हरभरा, शेंगदाणे, दही, ज्यांना चालते त्यांना अंडी आणि मासे, यांतले काही ना काही प्रत्येक जेवणात तिच्या ताटात पडले पाहिजे.

आणखी एका गोष्टीकडे लेखात दुर्लक्ष झाले होते. पाय जाड असणे हे प्रत्येक वेळी चरबीचे किंवा आळसाचे लक्षण नसते. काही स्त्रियांचे दोन्ही पाय कमरेपासून घोट्यापर्यंत सारखे जाड असतात, पावले मात्र नेहमीसारखी, दाबले की दुखते, जरासे लागले तरी काळेनिळे होते आणि वरचे अंग कितीही बारीक झाले तरी पाय उतरत नाहीत. याला लिपिडिमा म्हणतात. त्याचे वर्णन अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी १९४० सालीच केलेले आहे. अशा मुलीला ‘अजून पळ, अजून कमी खा’ म्हणणे क्रूरपणाचे आहे. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला तर रक्तवाहिनीत गुठळी झालेली असू शकते आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. पावलावर बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल तर हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताची तपासणी हवी. विदर्भातील काही भागांत हत्तीपायाचा आजार अजून आहे, हेही तिथल्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

संपादक महोदय, माझी विनंती एवढीच आहे की पुरवणीत व्यायामाविषयीचा मजकूर छापण्यापूर्वी तो एखाद्या फिजिओथेरपिस्टच्या किंवा क्रीडावैद्यकाच्या नजरेखालून घालावा, आणि ‘मांड्या बारीक करा’ असे मथळे टाळावेत. ज्या कुटुंबांत आपले दैनिक येते तिथे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीही ती पुरवणी वाचतात. मांडीच्या घेराच्या आकड्यांची ती वही माझ्या वर्गातल्या त्या मुलीच्या उशाशी असते.

खुर्चीपासून जमिनीपर्यंत उठण्या-बसण्याचा जो क्रम मी काकूंकडून करून घेतला, तो सात पायऱ्यांत, आकृत्यांसह, एका पानावर मावतो. तो मी स्थानिक फिजिओथेरपिस्टकडून तपासून घेतलेला आहे. आपण छापणार असाल तर विनामोबदला पाठवीन.

आपली विश्वासू,
एक व्यायामशिक्षिका, मिरज