१९६९ चा उन्हाळा : तारखा आपल्या घड्याळाने लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत १९६९ सालच्या जून ते सप्टेंबर या महिन्यांतील जगभरच्या घडामोडींवर दोन पाने मजकूर आला आणि सोबत तारीखवार कोष्टकही. विषय चांगला निवडला आहे. (पाश्चात्त्यांचा हा उन्हाळा म्हणजे आपला भर पावसाळा, पण ते असो.) कोष्टकात मात्र एका रकान्यात तीन घड्याळे आहेत. चंद्रावरच्या तारखा अमेरिकेच्या, रशियन यानाची ग्रिनिचची आणि बँकांची अर्थातच दिल्लीची. त्यामुळे जे एकामागून एक घडले ते उलटसुलट झाले आहे, आणि पुण्यातल्या माणसाला कोणती बातमी कधी कळली असेल याचा पत्ताच लागत नाही. या मालिकेची पुस्तिका निघणार असल्याचे आपण छापले आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

चंद्रापासून सुरुवात करू. अपोलो ११ चे उड्डाण १६ जुलैला ग्रिनिच वेळेनुसार दुपारी १ वाजून ३२ मिनिटांनी झाले. आपल्याकडे तेव्हा बुधवार संध्याकाळचे ७ वाजून २ मिनिटे झाली होती. त्याच बुधवारी इंदिरा गांधींनी मोरारजी देसाईंकडून अर्थखाते काढून घेतले. शनिवारी, १९ जुलैला मोरारजी मंत्रिमंडळाबाहेर गेले, चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश निघाला आणि रात्री साडेआठला पंतप्रधान आकाशवाणीवरून बोलल्या. त्यानंतर सव्वादोन तासांनी, १० वाजून ५१ मिनिटांनी, यानाने इंजिन चालवून वेग कमी केला आणि ते चंद्राच्या कक्षेत शिरले. आपल्या कोष्टकात या दोन घटना एका पानाच्या अंतरावर आहेत. प्रत्यक्षात त्या एकाच रात्रीच्या.

मुख्य यानापासून सुटे झालेले छोटे चांद्रयान चंद्रावर उतरले ते ग्रिनिचच्या २० जुलैला रात्री ८ वाजून १७ मिनिटांनी, म्हणजे आपल्याकडे सोमवार २१ जुलैच्या पहाटे १ वाजून ४७ मिनिटांनी. पहिले पाऊल पडले सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी. अमेरिकेत दोन्ही गोष्टी २० तारखेला झाल्या, ग्रिनिचमध्ये उतरणे २० ला आणि पाऊल २१ ला, आपल्याकडे दोन्ही २१ ला. तेव्हा कोष्टकात नुसते ‘२० जुलै’ लिहून भागणार नाही. जुने अंक चाळणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. सोमवारचा सकाळचा अंक घरोघरी पडून गेल्यावर आर्मस्ट्राँग शिडी उतरला, तेव्हा पहिल्या पावलाची सविस्तर बातमी मंगळवार २२ च्या अंकात शोधायची. सोमवारच्या अंकात ती नाही म्हणून ‘मराठी पत्रांनी दखल घेतली नाही’ असा निष्कर्ष काढणारे अभ्यासक असतात.

याच संदर्भात लेखातील एक वाक्य दुरुस्त करायला हवे. ‘यान उतरत असताना पुणेकर गच्च्यांवरून चंद्राकडे टक लावून बसले होते’ असे आपण म्हटले आहे. अमावस्या १४ जुलैला होती. उतरण्याच्या वेळी चंद्र शुक्ल षष्ठी-सप्तमीचा. असा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास उगवतो. पहाटे पावणेदोनला तो पुण्याच्या क्षितिजाखाली होता आणि सकाळी साडेआठलाही. शिवाय जुलैतले आभाळ. रविवारी संध्याकाळी ढगांच्या फटीतून कोणी पाहिला असेल तर असेल, पण तेव्हा यान अजून घिरट्याच घालत होते.

‘सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिले’ हेही आपल्यापुरते खोटे. देशात तेव्हा दूरचित्रवाणी एकट्या दिल्लीत होती. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चे, आणि सिंहगडावरच्या मनोऱ्यातून पुण्याला चित्र मिळू लागले ते त्याही नंतर. पण दिल्लीकरांनाही थेट चित्र दिसले नाही, आणि त्याचे कारण पुणे जिल्ह्याशी जोडलेले आहे. हिंदी महासागरावरचा इंटेलसॅट उपग्रह त्याच जुलैच्या सुरुवातीला कामाला लागला होता. म्हणजे डोक्यावर उपग्रह होता. त्याच्याशी बोलणारी जमिनीवरची मोठी ताटली नव्हती. ती जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ आर्वीला उभी राहिली, सुमारे तीस मीटर व्यासाची, आणि १९७१ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. दीड वर्षाने हुकले. तोवर आपल्याकडे चंद्र ऐकला गेला, रेडिओच्या लघुलहरींवर.

बाकी जगाने जे पाहिले तेही सरळ आलेले नव्हते. चंद्रावरचा कॅमेरा सेकंदाला दहाच चित्रे पाठवत होता, ३२० ओळींची. ती पृथ्वीवर उतरवून नेहमीच्या प्रक्षेपणाच्या मापात बदलावी लागत, आणि या बदलात बरीच स्पष्टता जाई. सुरुवातीचे चित्र कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन या संदेशग्रहण केंद्रावरून आले ते उलटे, कारण कॅमेरा यानाच्या कप्प्यात उलटा बसवला होता आणि चित्र सुलटे करणारे बटण दाबायचे राहिले. शिवाय गडद. मग ऑस्ट्रेलियातील हनीसकल क्रीकचे चित्र घेतले. पहिले पाऊल जगाने त्यातून पाहिले. आठ-नऊ मिनिटांनी तिथल्याच पार्क्सच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीचे आले आणि शेवटपर्यंत तेच चालले. आपण सगळे श्रेय पार्क्सला दिले आहे, ते वाटून द्यावे.

‘उतरताना संगणक बंद पडला’ हे वाक्य तर काढूनच टाका. यानाच्या संगणकाला खोडता येणारी स्मृती होती २,०४८ शब्दांची आणि पक्की विणलेली ३६,८६४ शब्दांची. उतरताना त्याने १२०२ आणि १२०१ या सूचना दिल्या. अर्थ असा की, हातात घेतलेली कामे ठेवायला जागा उरलेली नाही. कारण भेटीच्या रडारमध्ये होते. परत जाताना मुख्य यान शोधण्यासाठी असलेले हे रडार चालू होते, त्याच्या आणि संगणकाच्या वीजपुरवठ्याची लय जुळत नव्हती, त्यामुळे रडारकडून निरर्थक ठोके येत राहिले आणि ते मोजण्यातच संगणकाचा सातवा-आठवा हिस्सा वेळ जात होता. अशा वेळी सगळे टाकून पुन्हा सुरू व्हायचे आणि आधी महत्त्वाची कामे, म्हणजे दिशा व इंजिन, उचलायची अशी त्याची रचना होती. त्याने तेच केले. बंद पडला असता तर उतरणे सोडून द्यावे लागले असते. यान ठरल्या जागेपासून सहा-सात किलोमीटर पुढे गेले त्याचा या सूचनांशी संबंध नाही. दोन याने सुटी होताना मधल्या बोगद्यात थोडी हवा उरली होती, तिच्या धक्क्याने वेगात किंचित फरक पडला, आणि पुढे तो फरक किलोमीटरांत दिसला.

रशियाचे लूना १५ आपण ‘१३ जुलै’ या एका ओळीत संपवले. ते सुटले १३ ला, पण चंद्रावर आदळून संपले ते २१ ला, आपल्या वेळेने रात्री ९ वाजून २० मिनिटांनी. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन तेव्हा चंद्रावरच होते. त्यांचे यान निघाले ११ वाजून २४ मिनिटांनी. दोन तासांचा फरक. हे शेजारीशेजारी ठेवले की कोष्टकाला आपोआप अर्थ येतो. परतीचे यान पॅसिफिकमध्ये उतरले ते २४ जुलैच्या रात्री १० वाजून २० मिनिटांनी.

आता बँका. आपण ‘१९ जुलैला चौदा बँका सरकारच्या झाल्या’ असे लिहून थांबलात. तारीख बरोबर आहे, पण गोष्ट तेवढी सरळ नाही. संसदेचे अधिवेशन सोमवारी, २१ जुलैला सुरू व्हायचे होते आणि अध्यादेश त्याच्या दोनच दिवस आधी काढला. निकष होता किमान ५० कोटी रुपयांच्या ठेवींचा, आणि त्यात पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र आली. पुण्याच्या वृत्तपत्राने हे नाव गाळावे याचे नवल वाटते. अध्यादेशावर सही केली व्ही. व्ही. गिरी यांनी. झाकीर हुसेन ३ मे रोजी वारल्यामुळे ते काळजीवाहू राष्ट्रपती होते, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी निवडणूक लढवण्यासाठी पद सोडले. मग सरन्यायाधीश हिदायतुल्ला काळजीवाहू राष्ट्रपती झाले आणि ९ ऑगस्टला अध्यादेशाच्या जागी आलेल्या कायद्याला संमती त्यांनी दिली. तो कायदा सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा अकरा न्यायाधीशांच्या खंडपीठावर ते नव्हते. १० फेब्रुवारी १९७० ला दहा विरुद्ध एक अशा मताने कायदा रद्द झाला. भरपाईची पद्धत आणि फक्त याच बँकांना वेगळे वागवणे, या दोन्हींवर न्यायालयाने बोट ठेवले. चार दिवसांत दुसरा अध्यादेश आला आणि पुढे १९७० चा कायदा, मागल्या १९ जुलैपासून लागू केलेला. या बँकांच्या कागदपत्रांवर कायद्याचे साल १९७० का असते, याचे उत्तर इथे आहे.

अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन ३१ जुलैला दिल्लीत आले तेव्हा त्यांचे स्वागत करायला राष्ट्रपती म्हणून हिदायतुल्ला होते, गिरी नव्हेत; आपल्या लेखात गिरी आहेत. गिरी निवडून आल्याचा निकाल २० ऑगस्टचा, शपथ २४ ची. दिल्लीनंतर निक्सन लाहोरला गेले आणि तिथे त्यांनी चीनशी बोलण्यासाठी पाकिस्तानचे अध्यक्ष याह्याखान यांची मध्यस्थी मागितली. त्या दौऱ्यातली आपल्या दृष्टीने सर्वांत महागात पडलेली गोष्ट ती, कारण १९७१ मध्ये वॉशिंग्टन पाकिस्तानच्या बाजूने का झुकले याचा एक धागा तिथे आहे.

मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर आणि होंडुरास यांच्या युद्धाबद्दल ‘फुटबॉलच्या सामन्यावरून पेटले’ असे छापले आहे. सामने झाले हे खरे. होंडुरासची राजधानी तेगुसिगाल्पात होंडुरास १-० ने जिंकले, सान साल्वाडोरमध्ये एल साल्वाडोर ३-० ने, आणि जूनअखेरीस मेक्सिकोत निर्णायक सामना एल साल्वाडोरने जादा वेळेत ३-२ असा जिंकला. दंगेही झाले. पण तोफा सुटल्या १४ जुलैच्या संध्याकाळी, शेवटच्या सामन्यानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळाने. मूळ भांडण जमिनीचे. लहानशा, दाटीच्या एल साल्वाडोरमधून सुमारे तीन लाख माणसे होंडुरासमध्ये जाऊन पडीक जमिनी कसत होती, आणि होंडुरासने जमीन सुधारणेच्या कायद्याखाली त्यांना हुसकायला सुरुवात केली. चार दिवसांच्या या लढाईत दोन्हीकडची विमाने दुसऱ्या महायुद्धातली पंख्याची होती. शांतता करार व्हायला १९८० उजाडले. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली दुसऱ्या दिवशीची पहाट, त्यामुळे आपल्या घड्याळाने युद्ध १५ जुलैला सुरू झाले.

बाकीच्या नोंदी बहुतेक ठीक आहेत. फ्रान्सचे अध्यक्ष म्हणून पाँपिदू १५ जूनला निवडून आले. उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात ब्रिटिश सैनिक १४ ऑगस्टला उतरले आणि ती मोहीम २००७ पर्यंत चालली. लिबियातला उठाव १ सप्टेंबरचा. जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीला २१ ऑगस्टला एका ऑस्ट्रेलियन माणसाने लावलेली आग मात्र एका ओळीत संपवण्यासारखी नाही. तिच्यामुळेच सप्टेंबरमध्ये मोरोक्कोत रबातला मुस्लिम देशांची परिषद भरली, भारताला आधी बोलावणे आले आणि पाकिस्तानच्या हट्टामुळे फक्रुद्दीन अली अहमद यांच्या शिष्टमंडळाला बाहेर राहावे लागले. आपल्या यादीत १३ जून हा दिवस कोरा आहे. त्या दिवशी आचार्य अत्रे गेले. त्यांचे सासवड इथून फार लांब नाही.

कोष्टक नव्याने करताना पद्धत अशी ठेवावी. प्रत्येक नोंदीचे मूळ घड्याळ कोणते ते आधी ठरवायचे. ग्रिनिच असेल तर साडेपाच तास मिळवायचे. उड्डाणस्थळ केप केनेडीची उन्हाळी वेळ असेल तर साडेनऊ तास आणि नियंत्रण केंद्र असलेल्या ह्यूस्टनची असेल तर साडेदहा. हिवाळ्यातली नोंद असेल तर दोन्हीत आणखी एक तास. मॉस्कोसाठी अडीच, कारण तिथे तेव्हा उन्हाळी वेळ नव्हती. लंडनबाबत हमखास चूक होते. १९६८ ते १९७१ या काळात ब्रिटनने बारा महिने ग्रिनिचच्या एक तास पुढचे घड्याळ ठेवले होते, म्हणून लंडनच्या वेळेत साडेचारच तास मिळवायचे, डिसेंबर असला तरी. आणि बातमीच्या वर छापलेली तारीख ही बातमी पाठवल्याची असते. अंकाची तारीख बहुधा एक दिवस पुढची. आपल्या कोष्टकात किमान दोन नोंदी या घोटाळ्यातून आल्या असाव्यात.

पहिल्या पानावरच्या छायाचित्राखाली ‘चंद्रावर नील आर्मस्ट्राँग’ अशी ओळ आहे. तो बझ ऑल्ड्रिन आहे. कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँगच्या हातात होता. ऑल्ड्रिनच्या शिरस्त्राणाच्या काचेत लहानसा दिसतो तो आर्मस्ट्राँग. पुस्तिका छापखान्यात जाण्यापूर्वी एवढी ओळ तरी बदलावी.

आपला,
एक वाचक, नारायण पेठ, पुणे